बेत बदलला

२०२५ च्या रामनवमीला देवळीच्या राम मंदिरात माजी खासदार रामदास तडस यांना पुजाऱ्यानं गाभाऱ्यात जाऊ दिलं नाही. अंगावर सोवळं नाही, जानवं नाही! दहा वर्षं लोकसभेत बसलेले पैलवान उंबऱ्यावर अडले. शेजारच्या वर्ध्यात लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं. तिथून देवळी मोटारीनं अर्ध्या तासावर.

पुजाऱ्याचं एक मात्र मानायला हवं. तो समोर उभा राहून, तोंडानं ‘नाही’ म्हणाला, म्हणून बोभाटा तरी झाला. खोली, गाडी, किराणा मागवायच्या ॲपवर ‘नाही’ म्हणायला अंगठा पुरतो, आणि कारण म्हणून ‘बेत बदलला’ हे कायम हाताशी.

हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबीवर अमेरिकेतल्या घरमालकांकडे खोट्या खात्यांवरून खोल्या मागितल्या. मजकूर तोच, नावं तेवढी वेगळी. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार सुमारे १६ टक्क्यांनी कमी. पुढे २०१८ मध्ये कंपनीनं बुकिंग पक्कं होईपर्यंत पाहुण्याचा फोटो झाकायचं ठरवलं. नाव उघडंच! आपल्याकडे फोटो हवा कशाला? जात, जिल्हा, जेवण, सगळं आडनावात.

एप्रिल २०२० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या काशिमिऱ्यात एका गृहस्थानं, सामान आणणारा मुसलमान आहे म्हणून मागवलेला किराणा दारातच नाकारला. चित्रण झालं, पोलिसांनी अटक केली. नाव वाचून फोनवरच ऑर्डर रद्द केली असती, तर ती ‘ग्राहकाची निवड’ ठरली असती.

ॲपवाले ज्याला ‘शेअरिंग’ म्हणतात, तो धंदा आपल्याकडे काळी-पिवळी जीप केव्हापासून करतेय. चौघांच्या सीटवर पाचवा, त्याच्या मांडीवर कोणाचं तरी पोरगं. ड्रायव्हर नाव विचारत नाही. ‘सरका ना भाऊ जराक’ एवढंच. आत बसलेले सगळे समतावादी असतात असं मुळीच नाही. पण गाडी भरल्याशिवाय निघत नाही आणि शेजारी निवडायचं बटण तिथं नाही.

ॲपवाल्यांनी बटण दिलं, शेजारी नावही छापलं, आणि आता म्हणतात, आम्ही फक्त मध्यस्थ. कोण कोणाला किती वेळा रद्द करतं, याचा सगळा हिशेब त्यांच्याकडे पडून आहे. शनिवारी रात्री कोणाला बिर्याणीची आठवण करून द्यायची, ते त्यातून अचूक कळतं. नाव वाचून कोण रद्द करतं, हे तेवढं कळत नाही.