भूत व्हायला कोणी तयार नाही

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या घराघरांत एकच खल सुरू होतो: यंदा कोण व्हायचं? ३१ तारखेचं हॅलोविन अजून लांब असतं, पण पोशाखांची हंगामी दुकानं रिकाम्या गाळ्यांत केव्हाच थाटलेली असतात.

ही प्रथा मूळची आयर्लंड-स्कॉटलंडकडची. सुगी संपून हिवाळा लागायच्या रात्री मेलेली माणसं फिरायला निघतात, असा तिकडचा समज. मग आपणच भुतासारखं दिसावं, म्हणजे ती आपल्याला त्यांच्यातलंच समजून पुढे जातील. हिशेब चोख होता. आज मात्र एखादं खरंखुरं भूत न्यू जर्सीत उतरलंच, तर त्याला भेटणार कोण? स्पायडरमॅन, मधमाशी आणि पावात बसवून हॉट डॉग केलेला कुत्रा. २०१४ साली तर ‘फ्रोझन’ सिनेमाच्या कृपेने जिकडेतिकडे एल्साच एल्सा होत्या. पत्ता चुकला म्हणून भूत बिचारं मुकाट परत जाईल.

आपल्याकडे फॅन्सी ड्रेसच्या वेळी मुलाला कोण विचारतं? आई म्हणते टिळक, की टिळक. पुठ्ठ्याची पगडी, काजळाच्या मिशा, दोन पाठ वाक्यं, संपलं. तीच आई न्यू जर्सीतल्या एडिसन गावात पाच वर्षांच्या चिरंजीवांपुढे हतबल होते. सोमवारी त्याला डायनासोर व्हायचं असतं, बुधवारी अंतराळवीर आणि मागवलेलं पार्सल दारात पडतं त्या दिवशी कचऱ्याचा ट्रक. माझं विचाराल तर तिन्हींत ट्रकच अस्सल. खोकी कापून घरीच करावा लागतो, एवढीच अडचण.

आपली भुतं तिथे चालतील का, हाही विचार करून पाहिला. मुंजा लंगोटीवर, तिथल्या थंडीत तो दुसऱ्या घरापर्यंतही टिकायचा नाही. हडळीची उलटी पावलं घेऊन अंगणातल्या पायऱ्या चढायच्या म्हणजे विम्याचं काम. शिवाय थंडी वाढली की आया सगळ्यांनाच वरून जाडजूड जाकीट चढवतात. मग राजकन्या काय, राक्षस काय, गळ्यापर्यंत सारे सारखेच. दारोदार ‘तू कोण?’ याचं उत्तर देत चॉकलेटं गोळा करायची.

खरं तर भीतीला फार खर्च येत नाही. १९७८च्या ‘हॅलोविन’ सिनेमातल्या खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारातला स्वस्तातला कॅप्टन कर्क. ‘स्टार ट्रेक’मधल्या त्या उमद्या कप्तानाच्या चेहऱ्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली, आणि प्रेक्षकांची बोबडी वळली.

ही हकिकत बाबा लोकांना फार धीर देते. तीस तारखेच्या रात्री सगळ्यांचं ठरलेलं असतं, त्यांचंच राहिलेलं असतं. ते कपाट उघडून पांढरी चादर काढतात. हल्ली चादरींना कडेने इलॅस्टिक असतं, त्यामुळे भूत घोट्यापाशी आवळून फुगलेल्या लाडवासारखं दिसतं, ते एक वेळ चालेल. पण डोळ्यांची भोकं पाडण्याआधी, ही चादर पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली तर नाही ना, एवढं घरात विचारून घ्यावं.