राखीव काका

वर्तमानपत्रात अग्रलेखाच्याही आधी 'आजचे कार्यक्रम' ही चौकट वाचणारी माणसं प्रत्येक गावात असतात. ठाण्यात ती अंमळ जास्त आहेत. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत त्यांचा हंगाम. या दिवसांत तलावपाळी, कचराळी, उपवन, नौपाड्यातली शाळांची पटांगणं, गडकरी रंगायतन अशा ठिकाणी ती संध्याकाळी साडेपाचपासून दिसू लागतात. कार्यक्रम साडेसहाला असतो. खांद्याला कापडी पिशवी, अंगात हाफ स्वेटर, हातात कानटोपी आणि चेहऱ्यावर 'आयोजक कुठायत?' असा भाव.

या वर्गाचे एक मान्यवर प्रतिनिधी आमच्याच सोसायटीत राहतात. त्यांना सगळे राखीव काका म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याने जाहिरातीतली शेवटची ओळ नीट वाचलेली असणार : 'प्रवेश विनामूल्य. काही जागा निमंत्रितांसाठी राखीव.' यातल्या पहिल्या वाक्यावर काकांची नितांत श्रद्धा आहे. दुसरं वाक्य ते आव्हान म्हणून घेतात.

ठाण्याला थंडी पडते हे निफाडच्या माणसाला सांगून पाहा, तो हसेल. पारा सतरा-अठरावर आला की आम्ही शाली काढतो. पण काकांचं म्हणणं असं, की आपल्या गावाला तलाव आहेत म्हणून ही थंडी अंगाला झोंबते. एकेकाळी साठांवर तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरले. "तलाव बुजले तरी गारवा कुठे जाणार?" असं काका विचारतात आणि कानटोपी खाली ओढतात. उपवनला तर येऊरचा डोंगर पाठीशी. तिथे जाताना ते स्वेटरखाली बनियनही जाड घालतात. तिथला कला महोत्सव त्यांना आवडतो, कारण मंच तलावाकाठी असतो आणि खुर्च्या भरल्या तरी पायऱ्यांवर टेकता येतं. तक्रार एकच, डासांची. त्यावर इलाज पिशवीत असतो. तंबोरे जुळत असतात तेव्हा काका पोटऱ्यांना मलम चोळत असतात. दोन्ही कामं साधारण एकाच वेळी संपतात.

पिशवीचं वर्णन करायला हवं. बंद दोन्ही तुटून पुन्हा शिवलेले. आत चार रुमाल, चौकटीचं कात्रण, उशीइतकी चपटी बसकण, लिमलेटच्या गोळ्या, मलमाची नळी आणि प्लॅस्टिकच्या पुडीत चिवडा. ही पुडी ऐन आलापातच उघडायची असते. चार रुमालांपैकी एकही नाक पुसायचा नाही, ते खुर्च्यांसाठी. काका आधी खुर्ची निवडतात. मंडपवाल्याच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या उन्हाने कडकडीत झालेल्या असतात, त्यातल्या एखादीचे पाय माणूस टेकल्याबरोबर चारी दिशांना फाकतात. म्हणून काका प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हातांनी भार देऊन बघतात. मग दुसऱ्या रांगेत चार रुमाल टाकतात आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसतात. दुसरी रांग राखीव असते. स्वयंसेवक आला की काका स्वतःच म्हणतात, "अरे, या राखीव आहेत, इथे कुणाला बसू देऊ नकोस." पोरगा निघून जातो. पाहुणे काही सगळे येत नाहीत. पावणेसातला काका एक रांग पुढे सरकतात, उरलेले तीन रुमाल मित्रांना मिळतात. मी त्यांना एकदा म्हटलं, "काका, थेट पुढेच का बसत नाही?" तर म्हणाले, "अरे, पुढून उठवतात त्याला अपमान म्हणतात. मागून पुढे बोलावतात त्याला मान."

संगीताबद्दल काकांचा एक सिद्धांत आहे आणि तो मला पूर्ण पटलेला आहे. ठाण्यातल्या उघड्यावरच्या मैफलीत श्रोत्याला जन्मभर यमनच ऐकावा लागतो. कारण असं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, पण ते गणपती, नवरात्र, एकतीस डिसेंबर असल्यांनी संपवलेले असतात. म्हणजे दरबारी, मालकंस गेले. साडेसहाचा कार्यक्रम मावळतीच्या मारव्याला चांगला, पण साडेसहाला दीपप्रज्वलन असतं. तलावावरचा वारा समई विझवतो. आगपेटी शोधतात. मग प्रास्ताविक, मग शाल, श्रीफळ, आणि हल्ली पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतलं रोप. ते रोप पाहुण्यांनी कुठे ठेवायचं यावर पाच मिनिटं. मग पुढारी 'मी जास्त वेळ घेणार नाही' म्हणतात आणि घेतात. गवई बसतो तेव्हा आठ वाजलेले असतात. साडेनऊपासून कडेला उभा पोलीस मनगटाकडे बघतो, दहाला पाच कमी असताना भैरवी. "पुढारी आणि पोलीस यांच्यामध्ये तेवढा एकच राग मावतो," काका म्हणतात. महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत समारोह असला की ते खूश असतात. तो नाट्यगृहात होतो, तिथे समई तरी विझत नाही.

काकांना गाणं कळतं का? दाद देतात खरी. फक्त समेच्या एक मात्रा आधी. मान जोरात हलते, हात मांडीवर पडतो, 'क्या बात है' निघून जातं आणि मग सम येते. एका तबलजीने त्यांच्याकडे बघून क्षणभर बोट थांबवलेलं मी पाहिलं आहे.

दिवाळी पहाट हा त्यांच्या हंगामाचा नारळ. अभ्यंगस्नान करून, उटण्याचा वास अंगावर घेऊन ते अंधारात मसुंद्याकडे निघतात. तिथे, म्हणजे तलावपाळीवर आणि राम मारुती रोडवर, त्या पहाटे हजारो मुलंमुली जमतात. पैठण्या, नथी, झब्बे, फेटे, एकमेकांच्या खांद्यावरून काढलेले फोटो. गाण्यासाठी त्यातलं कुणी आलेलं नसतं. ती एकमेकांसाठी आलेली असतात आणि ते रास्तच आहे. ढोल-ताशा एका कोपऱ्यात, डीजे दुसऱ्या कोपऱ्यात. काका 'संस्कृतीचं वाटोळं' असं म्हणत त्या गर्दीतून वाट काढतात आणि जाताजाता अनोळखी पोरांच्या डझनभर फोटोंत सापडतात. मंचापाशी पोचेपर्यंत त्यांची कानटोपी कुणीतरी प्रेमाने सरळ केलेली असते. ललत ऐकायचा तर सूर्य उगवायच्या आत. पण सहाला ध्वनिक्षेपक सुरू होतो आणि उरलेला अर्धा तास, कळलंच असेल, दीपप्रज्वलनाला जातो.

व्याख्यानांचा महिना जानेवारी. रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेची पुरवणी आली की काका ती कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवतात, जिथे पूर्वी दुधाचा हिशेब असे. वक्ता अर्थतज्ज्ञ असो, लष्करातला असो की हवामानाचा, काका हजर. इतर ठिकाणी श्रोत्यांना प्रश्न विचारू देतात तेव्हा काकांची चिठ्ठी सर्वांत आधी पोचते, कारण ती घरूनच लिहून आणलेली असते. प्रश्न असा : 'या परिस्थितीत सामान्य माणसाने नेमके काय करावे?' कृष्णविवरांवरच्या व्याख्यानातही तो विचारला गेला होता. वक्त्याने हसून उत्तर टाळलं, तेव्हा काका मला म्हणाले, "बघ, कुणाकडे उत्तर नाही."

खाण्याच्या महोत्सवांकडे त्यांची वृत्ती थोडी अलिप्त असते. मालवणी, आगरी, कोकण अशा जत्रांत प्रवेश विनामूल्य असला तरी कोंबडी-वडे विनामूल्य नसतात. काका प्रत्येक स्टॉलवर कोकम सरबताचा नमुना घेतात, दशावतार उभ्याने पाहतात आणि घरी येऊन पिठलं-भात जेवतात. नाताळात तलावाजवळच्या सेंट जॉन चर्चचा गव्हाणीचा देखावा चुकवत नाहीत. महाशिवरात्रीला कौपिनेश्वराच्या रांगेत उभे राहतात. तिथे राखीव जागा नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

काकू यातल्या कशालाही जात नाहीत. त्या वर्षातून दोन नाटकं तिकीट काढून बघतात, तेही मधल्या रांगेतलं. १९७८ साली उघडलेल्या गडकरीत त्या लग्न होऊन आल्यापासून जातात. तिकिटाला पैसे मोजणं हा काकांच्या मते पराभव आहे. नाट्यगृहाच्या दारापर्यंत ते सोडायला येतात, मध्यंतरात वडा खायला पुन्हा येतात आणि 'पहिला अंक कसा झाला?' असं विचारून, ऐकून, स्वतःचं मत बनवून परत जातात. मी काकूंना विचारलं, "एवढं रोज बाहेर असतात, तुम्हाला एकटं वाटत नाही?" काकू म्हणाल्या, "हे घरी असले की श्रोती मीच. थंडीचे चार महिने तेवढी सुट्टी मिळते."

काकांचे शत्रू दोन. एक, शाळेची मुलं ट्रकभर आणून पुढे बसवणारे आयोजक. दोन, मुलुंडकर. मुलुंडची माणसं एक स्टेशन पुढे येऊन ठाण्याचे कार्यक्रम ऐकतात हे त्यांना मुळीच खपत नाही. "यांचा पिनकोड चार शून्य शून्य शून्य ऐंशी. मुंबईचे भाडेकरू, आणि गाणं ऐकायला इकडे," असं ते रांगेत पुढच्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणतात. पुढचा बहुधा मुलुंडचाच असतो. २०१० च्या डिसेंबरात ठाण्याला चौऱ्यांशीवं साहित्य संमेलन भरलं, त्याच्या आठवणी काका अजून सांगतात. अध्यक्ष उत्तम कांबळे होते. त्यांच्या भाषणाचा मुद्दा काकांना नेमका सांगता येत नाही, पण जेवणाच्या मंडपात कुठल्या रांगेत किती मुलुंडकर होते ते तोंडपाठ आहे.

गेल्या हंगामात विपरीत घडलं. एका मंडळाने काकांना खरंखुरं निमंत्रण पाठवलं. जाड कागदाची पत्रिका, वर 'रसिकवर्य' आणि दुसऱ्या रांगेचा आसनक्रमांक. काका दोन दिवस हरवल्यासारखे होते. पिशवी न घेता गेले. रुमाल टाकायचा नाही, खुर्ची तपासायची नाही, पुढे सरकायचं नाही; नुसतं जाऊन बसायचं. वर निवेदिकेने मंचावर बोलावलं. 'ज्येष्ठ रसिक' म्हणून सत्कार. शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोप. आणि 'दोन शब्द बोला' असं सौजन्याने म्हटलं. काका बोलले. तलाव किती होते, किती उरले, थंडी पूर्वी कशी होती, मुलुंडकर केव्हापासून येऊ लागले. संयोजक खालून खुणा करू लागले, तेव्हा काकांना वाटलं, माइक जवळ घ्या म्हणतायत. गवयाला उरलेल्या वेळात यमनची एक द्रुत बंदिश मिळाली आणि लगेच भैरवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटले. हातात रोप होतं, कुठे ठेवायचं ते ठरत नव्हतं. म्हणाले, "मारवा-दरबारी तर सोडूनच दे, काल यमनही धड झाला नाही. आयोजनच ढिसाळ." आणि त्यांनी मंडळाला तसं पत्रही लिहिलं. मंडळाने त्यांचं नाव निमंत्रितांच्या यादीतून काढलं, तेव्हा कुठे काका माणसांत आले.

या जानेवारीत ठाण्यात विनामूल्य कार्यक्रमाला येणार असाल, तर साडेसहा म्हणजे साडेपाच समजा, डासांचं मलम आणा, आणि तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी 'कुठून आलात?' असं विचारलं, तर मुलुंडचं नाव काढू नका.