केळशीत पक्षी कसे पाहावेत : बालकासह जाणाऱ्या पालकांसाठी सूचना

सदर सूचना अडीच ते पाच वर्षं वयाचं बालक सोबत असणाऱ्या पक्षीनिरीक्षकांसाठी आहेत. त्याहून लहान बालक पाठीवर बांधता येतं, त्याहून मोठं मोबाइलवर असतं. दोन्ही गट पक्ष्यांना निरुपद्रवी आहेत.

सर्वप्रथम तिथी पाहावी. मुहूर्तासाठी नव्हे, ओहोटीसाठी. पाणी मागे हटलं की ओल्या वाळूतले किडे उघडे पडतात आणि किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची पंगत बसते. वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब असा : तिथीला पाऊणने गुणावं, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. द्वितीयेची ओहोटी साडेसातला येते, तेव्हा बालक उठलेलं नसतं. अष्टमीची येते दुपारी बाराला, तेव्हा त्याला जेवायला बसवलेलं असतं. तात्पर्य, रजेचा अर्ज चतुर्थी धरून करावा. संकष्टी आली तर घरगुती खानावळीत साबुदाण्याच्या खिचडीचं आधी सांगून ठेवावं. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यानंतर पाहुणे पक्षी उत्तरेकडे परतू लागतात आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे कासवांसाठी वेळासला.

दापोलीहून आंजर्ले, आडे करत येणारा रस्ता अतिशय रम्य आहे, असं ज्यांच्या मांडीवर कुणी ओकत नाही ते सांगतात. ओकारीचे थांबे वाया घालवू नयेत. ती आपली निरीक्षण केंद्रं समजावीत. एका पालकाने बालकाचं कपाळ धरावं, दुसऱ्याने तारेवरचे वेडे राघू मोजावेत. कोणी काय करायचं हे निघण्यापूर्वीच ठरवावं, शक्यतो लेखी.

साहित्यात दुर्बीण एकच असावी. बालकासाठी आणलेली प्लॅस्टिकची दुर्बीण पालकाच्या गळ्यात राहते आणि खरी बालकाच्या. ती उलटी धरून ‘बाबा लांब गेला’ असं बालक जाहीर करील. ही दिवसातली पहिली नोंद. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घरीच ठेवावा, वाळू आणि कोकम सरबत त्याला सोसत नाही. चड्ड्या मात्र जेवढ्या असतील तेवढ्या घ्याव्यात.

किनाऱ्यावर पोचताच बालक कावळ्याकडे बोट दाखवील आणि ‘पक्षी!’ म्हणून ओरडेल. येथे बहुतेक पालक पहिली चूक करतात : ‘तो नुसता कावळा’ असं म्हणतात. नुसता कोणता? मानेला राखाडी मफलर असलेला घरकावळा, की आकाराने मोठा, जाड चोचीचा, सगळाच्या सगळा काळा डोमकावळा? हा फरक बालकाला दुसऱ्या कावळ्यापर्यंत कळतो. कुरवांचा तसा कळत नाही, कारण तो बापालाही कळलेला नसतो. तपकिरी डोक्याचा कुरव म्हणून जो आपण दाखवतो, त्याचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं. डोळ्यामागे काजळ पुसल्यासारखा एक डाग, बस. ‘मग हा खोटा आहे का?’ या प्रश्नावर पिसं बदलण्याचं शास्त्र सांगू नये. खाऊ काढावा.

आता एक सूचना, जिच्यात थट्टा नाही. भरतीच्या वेळी कोरड्या वाळूवर कुरव-सुरयांचा थवा बसलेला दिसला की त्यात धावत जाऊन तो उडवायचा आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करायचं, हा प्रकार बालकं करत नाहीत. पालक त्यांना करायला लावतात. हे पक्षी तिथे विसावलेले असतात, पुढच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवत असतात. धावायचंच असेल तर पाण्याच्या कडेने धावावं, किनारा बक्कळ लांब आहे.

खाडीच्या तोंडाशी, भारजा नदी समुद्राला मिळते तिथे, वाळूची प्रसिद्ध टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून ही वाळू त्सुनामीने आणली असावी असं मांडलं. इतर काहींना ते पटलं नाही. बालकाच्या मते ती घसरगुंडी आहे. त्याच्या मताला उत्तेजन देऊ नये, टेकडी एकदाच मिळाली आहे.

मुख्य साधनाकडे वळू. पक्षीनिरीक्षणाचं सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे खेकडा. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्या पसरलेल्या दिसतात, मधोमध बोटभर भोक. नखाएवढा खेकडा बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात भरतो, त्यातलं खाण्याजोगं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. सावली पडली की भोकात गडप. सावली हलली नाही तरच तो पुन्हा येतो, ही गोष्ट बालकाला कोणी न सांगता कळते. एरवी जेवणाच्या पाटावर क्षणभर न टिकणारं ते उकिडवं बसतं आणि बसूनच राहतं. अशा वेळी पालकांनीही मुकाट खाली बसावं. थोड्या वेळाने चिखल्या पक्षी आपल्याला ओंडके समजून जवळ येऊ लागतात : चार पावलं पळायचं, थबकायचं, चोच मारायची, पुन्हा पळायचं. दुर्बीण लागत नाही. ती तशीही वाळूत पडलेली असते. सलीम अलींनी 1930 साली किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून त्यांचा संसार उलगडला. तेवढी बैठक आपल्या नशिबी नाही. खेकडा देतो तेवढी घ्यावी. मधूनच ‘त्याची आई कुठेय?’ असं विचारलं जाईल. ‘घरात’ एवढंच उत्तर द्यावं.

राहता राहिला समुद्री गरुड. पांढरं पोट, राखाडी पंख, उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं. जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर येते, डागडुजी करते आणि वाढवते. मासे खातो, समुद्रसापही खातो. त्याला पाहण्यासाठी याकूबबाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवर सकाळ घालवू नये, कारण बालक खांद्यावर आणि ऊन डोक्यावर येण्यापलीकडे त्यातून काही निष्पन्न होत नाही. गरुड आपल्या वेळेने येतो. ती वेळ म्हणजे सुरूच्या बनाआड बालकाला शी झालेली असणं, बाटलीत शेवटचं पाणी उरलेलं असणं आणि आपले दोन्ही हात गुंतलेले असणं. तो डोक्यावरून सावकाश जाईल, पायात मासा असेल. बालक वर बघून ‘मोठा कावळा’ म्हणेल.

आधी बालक धुवावं.