परत येणार ना?

गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाहुणा आला की "कधी आलात?" एवढंच विचारायची रीत होती. "जाणार कधी?" हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाच्या पोटात असायचा, पण ओठांवर आला तर घराण्याला बट्टा. गाद्या गॅलरीत पडायच्या, घरची माणसं सरकून सरकून झोपायची आणि पाहुणा आपल्या मर्जीनं केव्हातरी कोकणात परतायचा. व्हिसा देणाऱ्यांचं सगळंच उलटं. जाणार कधी आणि नक्की जाणार ना, हे त्यांना माणूस यायच्या आधीच हवं असतं. अमेरिकेच्या कायद्यात त्यासाठी 214 (बी) नावाचं कलमच आहे. खिडकीसमोर उभा राहिलेला पाहुणा कायमचा मुक्काम ठोकायलाच निघालाय, असं ते कलम गृहीत धरतं. तसं नाही, हे पटवायचं काम पाहुण्याचं.

दादरकर या कलमाला पुरून उरलेत. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की फायलीत काय काय न्यायचं हे फुकटात कळतं. एफडीच्या पावत्या, पेन्शनचं पासबुक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. एका गृहस्थांनी पुतणीच्या लग्नाची पत्रिका नेली होती. मंगलाष्टकांना काका हवेच, तेव्हा परतणं भाग आहे, असा त्यांचा युक्तिवाद. अधिकाऱ्यानं पत्रिकेकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि व्हिसा दिला. कट्ट्यानं मात्र श्रेय पत्रिकेलाच दिलं. वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमध्ये होती तेव्हा भुलाभाई देसाई रस्त्यावर सकाळीच रांग लागायची. 2011 साली ती बीकेसीला गेली. पण आधी सिद्धिविनायक आणि मग मुलाखत, हा क्रम काही बदलला नाही.

व्हिसा हातात पडला की मंडळी परळ गाठतात. मुंबईकराला स्वेटर लागतो तो एक तर महाबळेश्वरला, नाही तर न्यू जर्सीला. थंडीच्या तोंडावर परळच्या फुटपाथवर तिबेटी माणसं स्वेटर, शाली आणि कानटोप्या मांडून बसतात. माल बहुतेक लुधियानाचा. गिऱ्हाईक मात्र "असली तिबेटी आहे ना?" असं विचारून लोकर चिमटीत धरून बघतं. विकणाराही शांतपणे मान हलवतो.

माझ्या नेहमीच्या स्वेटरवाल्या ताईंनी तिबेट पाहिलेला नाही. त्यांचा जन्म गोठणगावचा, विदर्भातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. 1972 साली तिथल्या जंगलाच्या कडेला तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली, नोरग्येलिंग नावाची. महाराष्ट्रातली ही तिबेटी वसाहत पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. धरमशाला मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. ताई तिबेटी बोलतात, हिंदी बोलतात, आणि मराठी बोलतात ती अस्सल झाडीपट्टीची. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "कायले घासाघीस करता जी" ऐकलं तेव्हा मी भाव न करताच पैसे दिले.

तर या ताईंनी एकदा स्वेटरांच्या गठ्ठ्याखालून एक फॉर्म काढला. "भाऊ, एवढं भरून द्या न जी. बहिणीकडं जाचं आहे, स्वित्झर्लंडले." बहीण राहते रिकोनला. 1960 च्या दशकात तिथल्या भांड्यांच्या कारखानदारांनी तिबेटी निर्वासितांना कामं दिली, घरं दिली, आणि त्यांच्यासाठी मठही उभा राहिला. त्या जुन्या घराण्यांपैकी एकात बहिणीचं लग्न झालेलं.

मी चष्मा शोधेपर्यंत शेजारी कानटोपी घालून बघत असलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी फॉर्म ताब्यात घेतला. आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासलेला माणूस. कोरा फॉर्म दिसला की त्यांना राहवत नाही. कानटोपी तशीच डोक्यावर ठेवून, लेबल कानाशी लोंबत असताना, त्यांनी सुरुवात केली.

"पासपोर्ट?"

ताईंनी पिवळ्या कव्हरची पुस्तिका पुढे केली. भारत सरकार तिबेटी निर्वासितांना पासपोर्टच्या जागी देतं ती ही आयसी, म्हणजे आयडेंटिटी सर्टिफिकेट. साहेबांनी ती उलटसुलट केली. फॉर्मवर साधा, राजनैतिक, सेवा असे पासपोर्टाचे प्रकार छापलेले होते आणि सर्वांत शेवटी 'इतर, कृपया नमूद करा'. त्यांनी नाइलाजानं 'इतर'वर खूण केली. बँकेतल्या माणसाला 'इतर' हा रकाना कधीच आवडत नाही.

"राष्ट्रीयत्व?"

"तिबेटी."

"तसं चालणार नाही. यादीतला देश लागतो."

"मंग इंडियन लिवा."

"मग हे पिवळं कशाला?"

"तेच त तुमाले विचारून राह्यली मी."

साहेबांनी तो रकाना सोडून जन्मस्थळ घेतलं. जन्माच्या दाखल्यावर जिल्हा भंडारा, पुस्तिकेतल्या पत्त्यावर गोंदिया. कोणीही कुठंही गेलं नव्हतं. 1999 साली जिल्हाच दुभंगला होता आणि गोठणगाव बसल्या जागी गोंदियात गेलं होतं. साहेबांनी कानटोपी काढली.

खरी गंमत पुढच्या रकान्यात होती: जन्माच्या वेळचं राष्ट्रीयत्व, वेगळं असल्यास. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला, तो जन्मानंच भारतीय. हे तिबेट्यांनाही लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 साली आणि पुन्हा 2016 साली सांगितलं. म्हणजे त्याच मुदतीत जन्मलेल्या ताई जन्मानं भारतीय, आणि निर्वासित झाल्या त्या कागदोपत्री. मी उत्साहानं म्हटलं, "अहो ताई, मग सरळ पासपोर्टच काढा की!"

त्यांना हे सगळं माझ्याआधी माहीत होतं. 2017 साली निघालेल्या अटीही माहीत होत्या. पासपोर्ट हवा तर आरसी (निर्वासिताचं नोंदणीपत्र) आणि आयसी परत करा आणि वसाहतीतला मुक्काम सोडा. ताई स्वेटरची घडी घालता घालता म्हणाल्या, "पासपोर्टासाठी घर सोडू, त मंग परत कुठं येऊ जी?"

कट्ट्यावरच्या एकाही फायलीत इतका सणसणीत पुरावा मी पाहिलेला नाही. पण तो फॉर्मवर लिहायला जागा नव्हती.

बिनदेशाच्या माणसांना कागद द्यायची सुरुवात फ्रिट्यॉफ नान्सेन या नॉर्वेच्या धाडसी दर्यावर्द्यानं 1922 साली केली. त्याच्या नावाच्या पासपोर्टावर स्त्राविन्स्की हिंडला, शागाल हिंडला. पुढे 1951 च्या निर्वासित करारानं तशी पुस्तिका रीतसर केली. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, म्हणून ताईंच्या पुस्तिकेला निर्वासितांचा पासपोर्टही म्हणता येत नाही. पासपोर्ट वाचणाऱ्या यंत्रांनी मात्र सोय करून ठेवली आहे. आपल्याला जसा आयएनडी, तसा राष्ट्रहीनाला एक्सएक्सए, करारातल्या निर्वासिताला एक्सएक्सबी, कराराबाहेरच्याला एक्सएक्ससी. आणि काहीच ठरत नसेल तर तीन एक्स. आपल्याकडे उत्तरपत्रिकेवर तीन फुल्या मारणारे मास्तर होते, त्यांना हे आवडलं असतं.

व्हिसाचा कारभार एके काळी आपल्याकडेही थोडा सैल होता. त्या सैलपणानं आपल्याला काय दिलं, ते गिरगावातल्या माझ्या पिढीच्या कानात आहे. भल्या पहाटे, दूधवाला यायच्या सुमाराला, खोल्याखोल्यांतून आकाशवाणीची ती व्हायोलिन आणि तंबोऱ्याची धून एकदम सुरू व्हायची. ती बांधली वॉल्टर कॉफमननं. हा कार्ल्सबादचा ज्यू संगीतकार 1934 साली मुंबईला आला. कारण विचारलं तर तो सांगे की इथला व्हिसा सहज मिळत होता. भारतीय संगीताची ओढ वगैरे नंतर. बारा वर्षं राहून 1946 साली तो गेला आणि धून ठेवून गेला.

माणूस एकीकडे आणि कागद दुसरीकडे, हे ताईंचं त्रांगडं लालबागच्या माणसाला फार परकं वाटू नये. माझ्या ओळखीतल्या एकाची चाळ पुनर्विकासासाठी पाडली. तो वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात राहतो. त्याच्या आधारवर अजून चाळीचा पत्ता आहे. त्या पत्त्यावर सध्या पावसाचं पाणी साठलेला खड्डा आहे. पण बँकेला तोच पत्ता चालतो, शिबिराचा चालत नाही.

ताईंना व्हिसा मिळाला. त्याशिवाय देशाबाहेर पडायची परवानगी घ्यावी लागली आणि भारतात परत यायचा व्हिसाही. बहिणीकडे जायला एक आणि गोठणगावला परतायला एक! आमचे बँकवाले साहेब म्हणाले, "डबल एंट्री आहे, हिशोब बरोबर लागतो."

पुढच्या हिवाळ्यात परळला दुकानं लागली आणि ताई दिसेनात. गिऱ्हाइकांनी निकाल देऊन टाकला. "राहिली असणार तिकडेच. कोण येतंय हो परत?" हे बोलणाऱ्यांत हिंदू कॉलनीतली बरीच मंडळी होती आणि अनुभवाचे बोल होते. त्यांचे चिरंजीव एमएसला जाताना खिडकीसमोर परत यायची हमी देऊनच गेले होते. साधा निळा पासपोर्ट, यादीतला देश, सगळं जिथल्या तिथं. आता आईवडील दर थंडीत कानटोप्या घेऊन त्यांच्याकडे जातात, आणि परत येतात तेही आईवडीलच.

ताई आठवड्यानं उगवल्या. लुधियानाचा माल उशिरा सुटला होता, एवढंच. स्वित्झर्लंडहून त्या पावसाळ्यातच धानाच्या रोवणीला आल्या होत्या. मी स्वित्झर्लंडची चौकशी केली. आल्प्सबद्दल त्या फारसं बोलल्या नाहीत. डोंगर आहेत म्हणाल्या. बहिणीनं रिकोनच्या कारखान्याचा भारीतला प्रेशर कुकर दिला होता, त्याची तक्रार मात्र तोंडभर होती.

"शिट्टीच नाही जी त्याले. गुपचूप शिजवते. उगाच लाल रेघा वर येतेत, त्या पाहत बसा." मग समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळून, "घ्या न ताई, असली तिबेटी आहे."