उघड्या कुलपाची किल्ली कुणाकडे?

प्रेसनोट आली, सोबत फोटो. फोटोत नऊ माणसं आणि एक फ्रेम. माणसांकडे बघायचं कारण नाही, ती नेहमीचीच: मधोमध कुलगुरू, उजवीकडे विभागप्रमुख, डावीकडे अधिष्ठाता आणि कडेला भूशास्त्राशी ज्यांचा संबंध जमिनीवर उभं राहण्यापुरताच आहे असे पाच-सहा जण. शाल आहे, श्रीफळ आहे. फ्रेममध्ये काचेखाली शोधनिबंधाचं पहिलं पान आहे. पहिलंच. बाकीची पानं कुठं लावली, याचा उल्लेख प्रेसनोटमध्ये नाही.

त्या पानाच्या कोपऱ्यात नारिंगी रंगाचं एक छोटं कुलूप आहे. उघडं, कडी वर गेलेली. ही ओपन ॲक्सेसची जगन्मान्य खूण. हा निबंध कुणीही, कुठूनही, दमडी न मोजता वाचावा, असा तिचा अर्थ. विद्यापीठानं ज्ञानाची कवाडं जगासाठी खुली केल्याचं प्रेसनोटमध्ये दोनदा म्हटलं आहे आणि दुसऱ्यांदा ठळक अक्षरांत.

मी त्या कुलपाकडे बराच वेळ बघत बसलो. विद्यापीठाच्या आवारात उघडं कुलूप दिसायचा योग तसा दुर्मीळ. कुठल्याही भूशास्त्र विभागात डोकावून या. खडकांच्या नमुन्यांचं कपाट, त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई निवृत्त. बोअरमधून काढलेले कोअर ठेवलेली खोली, तिला कुलूप आणि वर लाखेचं सील, कारण कधीकाळी तिथं उत्तरपत्रिका ठेवल्या होत्या आणि सील फोडायचं कुणी यावर निर्णय प्रलंबित आहे. नकाशांचा खण बंद. पातळ काप बघायचा सूक्ष्मदर्शक कव्हरात, कव्हराला चेन, चेनला कुलूप. विभागाचं ग्रंथालय दुपारी दोन ते तीन उघडं असतं, पण ती ग्रंथपालांची जेवायची वेळ. फक्त प्राध्यापकांसाठी असलेल्या स्वच्छतागृहाच्या कुलपाबद्दल मी बोलणार नाही, तिथं तर हजेरीपटाहून कडक शिस्त आहे. अख्ख्या विभागात एकच कुलूप उघडं आणि तेही काचेखाली, चार स्क्रू मारून भिंतीला पक्कं केलेलं.

निबंधाचा विषय तसा आपल्या पायाखालचा. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन ज्या काळ्या बेसाल्टची आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला तो लाव्हा, त्यात पाणी साठतं कुठं? घट्ट काळ्या पाषाणात जवळपास नाहीच. वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. विहिरी खणणाऱ्या माणसांना हे आजा-पणजापासून ठाऊक आहे, म्हणून हसू नका. कुठल्या उतारावर किती, पावसाळ्यानंतर किती महिने, शेजाऱ्यानं बोअर मारली की किती उतरतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि इथं खरोखर मोजलं होतं. एका संशोधक विद्यार्थ्यानं स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलवर, गावोगावच्या विहिरीत टेप सोडून, पावसाआधी आणि पावसानंतर. फोटोत तो दिसत नाही. फोटो त्यानंच काढला आहे.

निबंधात विहिरींना नावं नाहीत, क्रमांक आहेत. डब्ल्यू-१७ ही विहीर माझ्या ओळखीच्या एका काकांची. डब्ल्यू-१७ जगप्रसिद्ध झाल्याचं त्यांना वर्तमानपत्रातूनच कळलं. त्यांनी पुतण्याच्या फोनवर निबंध उघडला. उघडला! कुलूप खोटं नव्हतं. इंग्रजी होतं, ते पुतण्यानं अडखळत वाचून दाखवलं. नकाशे रंगीत होते, आलेख चढते-उतरते होते, डब्ल्यू-१७ चा लाल ठिपकाही सापडला. काकांचा प्रश्न साधा होता: “माझ्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात किती खाली गेलं, तेवढं बघ.” पुतण्या शेवटच्या पानापर्यंत गेला. तिथं बारीक टायपात लिहिलेलं होतं की मूळ नोंदी लेखकांकडे वाजवी विनंती केल्यास मिळू शकतील.

म्हणजे लाल ठिपका सगळ्या जगाचा, आकडे प्राध्यापकांच्या लॅपटॉपमध्ये.

काकांनी विनंती केली. ईमेलला उत्तर नाही. मग अर्ज लिहिला, सोबत सातबारा जोडला, न जाणो विहीर तुमचीच कशावरून असं विचारलं तर! आवक-जावकच्या खिडकीवर शिक्का मारून पोच मिळाली, कामाचं तेवढंच. दरम्यान गावात पाणाड्या आला. तळहातावर नारळ ठेवून शेत पालथं घातलं, नारळ उभा राहिला, तिथं टाच रुतवून त्यानं ‘इथं’ म्हणून सांगितलं आणि पैसे घेऊन गेला. पाणाड्याचं शास्त्र मला ठार अमान्य आहे. पण त्याचा निष्कर्ष जागेवर, मराठीत आणि वाजवी विनंतीशिवाय मिळतो, हे विभागानं एकदा ध्यानात घ्यावं. नारळ दोन्हीकडे आहे.

आता पैशांचं. हे उघडं कुलूप फुकट मिळत नाही, त्याला शुल्क पडतं आणि ते लेखकानं भरायचं. अशा परदेशी नियतकालिकाला दोन-तीन लाख रुपये सहज मोजावे लागतात. अगदी वरच्या पंक्तीतल्यांचा दर दहा हजार डॉलरच्या पलीकडे आहे. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यानं वाचकाच्या वाटेतली पैशांची भिंत पाडा म्हणून हाक दिली होती. प्रकाशकांनी ती मनावर घेतली, भिंत उचलली आणि लेखकाच्या दारात नेऊन बांधली. बरं, त्या पैशांत होतं काय? संशोधन लोकांच्या पैशातून, प्राध्यापकांचा पगार लोकांच्या पैशातून, निबंध तपासणारे तज्ज्ञ दुसऱ्या कुठल्या तरी विद्यापीठातले, तेही फुकट तपासतात. घरचं कार्य, शिधा आपला, आचारी आपला, वाढपी भावकीतले, आणि मंडपवाल्यानं पाहुण्यांना जेवू द्यायचे म्हणून पानामागे पैसे मागावेत! त्यातून नियतकालिक हायब्रिड असेल तर विचारूच नका: बाकीच्या बंद निबंधांसाठी ग्रंथालयाकडून वर्गणी घ्यायची ती घ्यायचीच, आणि या उघड्या निबंधाचे लेखकाकडून वेगळे. हे तीन लाख मंजूर व्हायला किती वेळ लागतो? आठवडा. कारण मूल्यांकनाच्या अहवालात रकाना आहे, रकान्याला गुण आहेत, गुणांवर श्रेणी आहे. आणि त्या पोराचं पेट्रोलचं बिल? ते परत आलं, कारण पंपाच्या पावतीवर गाडीचा नंबर नव्हता. दुसऱ्यांदा परत आलं, कारण पावतीची शाई उडाली होती. थर्मल कागदावरची शाई उडणारच हो, बिल वर्षभर टेबलावर पडून राहिलं तर! लाव्हा थंड होऊन खडक झाला, खडकाची माती झाली, पण लेखा विभागात फाइल एका टेबलावरून पुढच्या टेबलावर सरकत नाही. त्याची फेलोशिपही थकलेली आहे. ज्यानं विहिरीत वाकून आकडा वाचला त्याला द्यायला पैसे नाहीत, आणि तो आकडा दडवून ठेवणाऱ्या निबंधावर उघडं कुलूप छापायला तीन लाख आहेत. याला काय म्हणायचं ते मी इथं छापू शकत नाही, हे कुटुंबाचं वर्तमानपत्र आहे.

असो. या व्यवहारात रंगही आहेत. लेखकानं पैसे भरून खुला केला तो ‘गोल्ड’. दख्खनच्या बेसाल्टात सोनं सापडायची काही आशा नाही, हे भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. विभागाला ते प्रकाशकाच्या दरपत्रकात सापडलं. जिथं वाचकही भरत नाही आणि लेखकही भरत नाही, तो ‘डायमंड’. हिरा फुकट आणि सोनं तीन लाखांचं, अशी ही एकमेव सराफी पेढी. फुकटात छापणाऱ्या नियतकालिकाचा सत्कार मात्र होत नाही, कारण फुकट मिळालेल्याची फ्रेम कोण करतं? आणि ‘ग्रीन’ म्हणून आणखी एक वाट आहे: स्वीकारलेल्या निबंधाची आपली प्रत आपल्याच विद्यापीठाच्या संग्रहात ठेवायची. बहुतेक प्रकाशक ती ठेवू देतात, काही वर्षभर थांबायला लावतात. खर्च शून्य. विद्यापीठाला असा संग्रह आहेही. त्याचा पासवर्ड ज्यांना माहीत होता त्यांची बदली झाली.

काकांच्या अर्जाला अखेर उत्तर आलं. सदर नोंदींवर आधारित दुसरा शोधनिबंध लेखनाधीन असल्यानं तूर्त त्या देता येत नाहीत, असं त्यात आहे. खाली सही, सहीखाली ज्ञानाच्या प्रकाशाविषयीचं बोधवाक्य. दुसरा निबंध लिहायला अजून सुरुवात झालेली नाही, हे मला त्या फोटो काढणाऱ्या पोरानं सांगितलं. तो लिहायचाही त्यालाच आहे. शुल्काची तरतूद मात्र मागच्याच बैठकीत मंजूर झाली.