नुसता रंगाचा भाव सांगा

मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला की पनवेलची माणसं वर बघत चालू लागतात. ढग आलेत का, हे बघायला नव्हे. त्यासाठी हवामान खातं आहे. ही मंडळी स्वतःच्या छपराकडे बघत असतात आणि ओघाने शेजाऱ्याच्याही. शेजाऱ्याच्या पत्र्यावर नवा निळा रंग दिसला की रात्री जेवताना घरात विषय निघतो आणि सकाळी मिस्त्रीला फोन जातो. प्रश्न ठरलेला: "नुसता रंगाचा भाव सांगा."

मिस्त्री भाव सांगतो. तो ऐकून घरमालक खूश होतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. कारण छपराच्या खर्चात रंग ही सगळ्यात गरीब बाब. पैसे जातात ते रंगाच्या खाली जे काही असतं त्यावर, आणि तिथे काय आहे हे वर चढेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं.

पहिला धक्का टेपचा. समजा, जुन्या पनवेलमध्ये वीस बाय तीसचं कौलारू घर आहे. मालकाच्या हिशेबाने छप्पर सहाशे चौरस फूट. घरपट्टी, भावकीतली वाटणी, सगळीकडे आयुष्यभर सहाशेच सांगितलेलं. मिस्त्री टेप गुंडाळत म्हणतो, "नऊशे चाळीस." मालकाला वाटतं, हा लुटायला बसलाय. पण चूक मिस्त्रीची नसते. छप्पर भिंतीवर संपत नाही. चारही बाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरली की चोवीस बाय चौतीस होतं, म्हणजे ८१६. त्यात कोकणच्या पावसाला कौलांना साधारण ३० अंशांचा उतार लागतो, आणि उतार म्हटला की क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी वाढतं. दहावीत कोसाइन शिकताना "याचा पुढे उपयोग काय?" असं विचारणाऱ्या मुलाला त्याचं उत्तर पन्नाशीत, अंगणात उभं असताना मिळतं.

आता कौलं. मंगळुरी कौलं चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात. म्हणजे या घरावर तेराशेच्या आसपास कौलं, एकेक अडीच किलोचं. सव्वातीन टन ओझं हाताने उतरवायचं, पुसायचं आणि पुन्हा चढवायचं. कौलं परतणं म्हणतात ते हेच. त्यात तीस-चाळीस फुटणारच. फुटली तर नवी आणू, म्हणावं तर नव्या कौलाची खाच जुन्या कौलात बसत नाही, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. मग मालक कौलाच्या पाठीवरचा छाप वाचून घेतो आणि गावात कुठे जुना वाडा पडतोय का, याची चौकशी करत फिरतो. एरवी वाडे पाडून टॉवर उभे राहतात म्हणून हळहळणारा हा माणूस त्या दिवसांत बिल्डरला फार गोड बोलतो.

जाता जाता एक गंमत. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी नेत्रावतीकाठी काढला तो १८६५ साली. म्हणजे तक्रार नोंदवायचं ऑफिस गावात आधी आलं आणि ही कौलं मागून. २०१६च्या ऑक्टोबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण छप्पर गळतं ते जुन्याच पद्धतीने.

कौलं उतरली की खरा संवाद सुरू होतो.

"काका, रीप गेलीय."

"किती गेल्यात?"

"दिसतायत तेवढ्या चार. हात लावला की सांगतो."

मिस्त्री हात लावतो. दोन वासेही गेलेले असतात. वाळवीने आढ्यापर्यंत मजल मारलेली असते. मग सुतार येतो, लाकूड येतं, वाळवीचं औषध येतं, परांची आणखी आठवडाभर ठेवावी लागते. रंगाचा डबा ओटीवर बंदच असतो. त्याच्यावर बसून मजूर चहा पितात.

पत्र्याच्या घरात वासे नसतात, गंज असतो. गंज घासायचा, जे-हुक बदलायचे, हुकाखालचे वायसर बदलायचे, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळू द्यायचा आणि मग रंग. पाणी बहुतेक वेळा पत्र्यातून येत नाही, हुकाच्या भोकातून येतं. वायसर हा या साऱ्या खर्चातला सगळ्यात स्वस्त तुकडा. कोटेशनमधून काटकसर म्हणून पहिल्यांदा उडवला जातो तोही तोच.

छपराची किंमत रायगड जिल्ह्याला एकदम कळली ती ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसांची घरंच उघडी पडली. वारा वळचणीखाली शिरून छप्पर वर उचलतो. कौलं सुटी असल्यामुळे वाटेल तशी विखुरतात. पत्रा मात्र अख्खा उडतो आणि तिसऱ्याच्या आवारात जाऊन पडतो. पुढे पाऊस तोंडावर आणि पत्रे मिळेनात. सरकारने पूर्ण नष्ट झालेल्या घराची मदत ९५,१०० रुपयांवरून दीड लाखावर नेली. त्या दिवसांत कोणी रंगाचा भाव विचारल्याचं ऐकिवात नाही. पनवेल त्या मानाने वाचलं, म्हणून इथे तो प्रश्न अजून विचारला जातो.

नवीन पनवेलची तऱ्हा निराळी. तिथे छपराच्या जागी गच्ची आणि मिस्त्रीच्या जागी सोसायटीची सर्वसाधारण सभा. वरच्या मजल्यावरचे काका छताचे पोपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पुरावा म्हणून सभेला आणतात. तळमजल्यावरचे म्हणतात, "आमच्याकडे तर ओल नाही." खरंय, मधे चार मजले आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, आणि त्यासाठी दुरुस्ती निधी म्हणून दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के गोळा करायचे असतात. फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरला तर वर्षाला साडेसात हजार, महिन्याला ६२५ रुपये. हा आकडा उच्चारला की सभेचा कोरम मोडतो. मग स्वस्तातला उपाय म्हणून केमिकलचे दोन हात देतात, दोन पावसांनी ते पापुद्रे होऊन निघतात, आणि शेवटी कोबा फोडून, वाटा नव्याने करून, डेब्रिज टेम्पोने खाली नेऊन सगळं मुळापासून करावं लागतं. काही सोसायट्या थेट गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. तिला महापालिकेची परवानगी लागते, ही माहिती शेड झाल्यावर मिळते.

रंगाच्या डब्यावर लिहिलेल्या चौरस फुटांवर तर कोणी जाऊ नये. तो हिशेब गुळगुळीत भिंतीचा. खरखरीत कोबा रंग पितो आणि मालकाला वाटतं, मजूर डबा घरी नेतात.

हल्ली उन्हाळ्यासाठी गच्ची पांढरी करायची टूम आहे. वेडगळ मुळीच नाही. तेलंगणाने २०२३ साली त्याचं धोरणच काढलं आणि पांढऱ्या गच्चीखालची खोली खरंच थंड राहते. फक्त हैदराबादचा पाऊस वेगळा आणि इथला वेगळा. पनवेलला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मघाच्या त्या वीस बाय तीसच्या घरावर दर पावसाळ्यात सव्वादोन लाख लिटर पाणी कोसळतं, म्हणजे दहा हजारी टँकर बावीस. पांढरी गच्ची पहिल्या श्रावणात हिरवी होते, दुसऱ्यात काळी. त्यामुळे इथे पांढऱ्या रंगाबरोबर शेवाळ घासायचा वार्षिक खर्चही धरावा.

शेवटी बिल. मिस्त्री अदबीने विचारतो, "शेठ, बिल पाहिजे का?" बिल म्हणजे १८ टक्के जीएसटी. मालक लगेच नको म्हणतो आणि त्याच दमात दहा वर्षांची गॅरंटी मागतो. मिस्त्रीही ती तोंडी देऊन टाकतो. गळती पुन्हा सुरू होते तेव्हा दाखवायला कागद नसतो आणि मिस्त्रीचा नंबर बदललेला असतो. अठरा टक्क्यांचा तो कागद घ्यावा. त्यावर किती हात, कोणता माल, किती चौरस फूट, वायसर धरून की सोडून, हे लिहून घ्यावं.

आणि यंदा करायचंच असेल तर होळी झाली की मिस्त्रीला वर चढवा. अक्षय तृतीयेनंतर तो फोन उचलत नाही, आणि उचललाच तर भाव वाढलेला असतो.