आम्हाला कोच मिळतो

कंपनीने ज्याला वर न्यायचं ठरवलंय त्यालाच कोच देतात, अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळे एचआरचं पत्र आल्यावर मी ते कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर, विषय सहज निघाल्यासारखं काढलं. "कोच? कसला, जेईईचा?" शेजारचे काका म्हणाले. मग अतुल गावंडेंचा दाखला देणं आलं. वडील आपल्या यवतमाळकडचे, स्वतः बॉस्टनचे नामांकित सर्जन. त्यांनीही आपल्या जुन्या शिक्षकांना ऑपरेशन बघायला उभं केलं आणि २०११मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये तसं लिहिलं. शिक्षकांनी काय काढलं? कोपर वर जातंय, दिव्याचा झोत जखमेवरून सरकलाय. गावंडे आणि मी, अशी यादी मी दोन नावांवरच थांबवली.

पण मनातले कोच आचरेकर सरच. शिवाजी पार्क, स्टंपवर एक रुपयाचं नाणं. सचिनला आउट करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. तशी तेरा नाणी त्याने जपून ठेवलीत. स्वतःची मॅच सोडून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला गेला म्हणून सरांनी त्याला अशी थप्पड दिली की हातातला डबा उडाला. २०१३ला वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात तो म्हणाला, सरांनी मला कधी 'वेल प्लेड' म्हटलं नाही. पोरगं हुरळून जाईल म्हणून. हे सगळं मी कोचबाईंना पहिल्याच सेशनला सांगितलं. नाण्यांवर अजूनही बोललो असतो, पण सेशन तासाभराचंच होतं.

आमच्या कोचबाई ना नाणं ठेवत, ना थप्पड देत. नुसतं विचारत. ध्येय काय, आज कुठे आहात, पर्याय कोणते, करणार काय? ही चौकडी जॉन व्हिटमोर नावाच्या माजी रेसिंग ड्रायव्हरच्या १९९२च्या पुस्तकामुळे जगभर गेली म्हणे. आपल्याकडे रिक्षावाल्यापासून मामेसासऱ्यांपर्यंत सगळे फुकट सल्ला देतात. बाई न देण्याचे पैसे घेत होत्या.

एकदा त्या आमच्या मीटिंगमध्ये वही घेऊन बसल्या. नंतर विचारलं, "लातूरच्या त्या मुलीने आज किती वाक्यं पूर्ण केली?"

एकही नाही. सगळी मी केली होती, मदत म्हणून. बायको हेच लग्नापासून सांगतेय, पण तिचं बिल कंपनीकडे जात नाही.

पुढच्या मीटिंगला मी जीभ दाताखाली धरून बसलो. मुलगी सवयीने मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं. मी गप्प. मग ती म्हणाली, "सर, साखर कारखान्याच्या हंगामी कामगारांची साप्ताहिक सुट्टी आपलं सॉफ्टवेअर गैरहजेरी धरतंय. पगार कापला जातोय. माझे वडील आहेत तिथे." दिवाळीपासून ती हे सांगू बघत होती. त्या दिवशी मला पुढे काही बोलायला सुचलं नाही.

सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं लंडनमधल्या एका अभ्यासात निघालं; कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असाही अंदाज होता. मी स्वतःला अठरावाल्यांत धरलं होतं. बाईंनी विचारलं, "तुम्ही घसरलात तर सांगणार कोण?" तेव्हा ठरलं की मी मध्ये बोललो की त्या मुलीने टेबलावर पेन वाजवायचं. आता बाकीचेही वाजवतात. काही मीटिंगांत भजनी मंडळ बसल्यासारखं वाटतं. बाई कधीच्या गेल्या, टाळ चालूच आहेत.

शेवटी साहेबांबरोबर आढावा झाला. काय बदललं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, मी आता समोरच्याचं बोलणं पूर्ण..."

"ऐकतोस! छान! फार छान!" साहेब म्हणाले. त्यांना कोचची गरज नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. माझ्या हातात पेन होतं. अप्रेझल पुढच्याच आठवड्यात होतं, म्हणून खिशात ठेवलं.